रकाना सतरा

सदरच्या ऑफिसात कूलरला खसची नवी ताटी बसली
त्या आठवड्यात मी चारशे बारा दावे निकाली काढले.
निकाली हा आमचा शब्द.
बाहेर सेहेचाळीस डिग्री, आत ओल्या गवताचा वास,
टेबलावर फॉर्म, फॉर्मवर रकाना सतरा:
रुग्ण प्रत्यक्ष हजर होता काय?
हो. नाही.
चौकोन दोनच.

फुलवंता उईके, वय अठ्ठावन्न,
देवलापारच्या पुढं, एसटी वळते त्याच्याही पुढं,
सागाच्या कडेला अकरा घरांचा टोला.
साखर वाढलेली. डाव्या टाचेला जखम.
उपकेंद्रातल्या प्रणिता वाढिवेनं
टाचेजवळ मोबाइल धरला
आणि वर्धा रोडवरच्या ट्रस्टच्या दवाखान्यातून
डॉक्टर तबस्सुम म्हणाल्या असतील,
'उजेडाकडं करा. अजून थोडं. हां, थांबा.'
अकरा मिनिटं, असं नोंदलेलं.
दाव्याची रक्कम अडीचशे.
सोबत फोटो: प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीवर टाच,
कोपऱ्यात एक कोंबडी,
मान वळवून थेट माझ्याकडं बघणारी.

मी 'नाही'वर टिक केली.
नियम तसाच होता. बोट अडखळलंसुद्धा नाही.

आठ दिवसांनी फोन.
नामंजुरीच्या पत्रावर माझ्या टेबलाचा नंबर छापतात,
सहसा कुणी लावत नाही.
'बाई, मी तं होती ना जी तिथंच!
फोन धरून धरून पोरीचा हात भरून आला,
डॉक्टरीणबाईनं माह्यं नाव घेतलं, दोनदा,
अन् तुम्ही लिवता का मी हजर नव्हती.
मंग खुर्चीवर कोन बसलं होतं?'
मी म्हणाले, तसं नाही आजी, ते तांत्रिक आहे.
ती म्हणाली, 'हाव का.'
मागं कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज,
मग रेंज गेली, किंवा तिनं ठेवला.

बुधवारची पडद्यावरची ओपीडी
ट्रस्टनं पावसाळ्यात बंद केली. परवडत नव्हतं.
चूक कुणाची, हे विचारणारा रकाना
आमच्या फॉर्मवर नाही.

पोळ्यानंतर तिची दुसरी फाइल आली.
भरती दिनांक, आहे. सुट्टी दिनांक, आहे.
रकाना सतरा: हो.
डावा पाय, गुडघ्याखाली.
इतकी स्वच्छ फाइल महिन्यातून एखादीच येते.
दुपारच्या चहाआधी मंजूर.
बघायचे अडीचशे आम्ही दिले नव्हते,
कापायचे दिले,
पूर्ण, वेळेत,
वर घरी जायचं गाडीभाडंही.

पुढच्या एप्रिलात परिपत्रक निघालं.
खेड्यातल्या, टोल्यावरच्या, लांबच्या सगळ्यांसाठी
पडद्यावरची तपासणी आता योजनेत.
सतराव्या रकान्यात तिसरा चौकोन आला: दूरस्थ.
हेमराज नंदनवार चष्मा पुसत म्हणाला,
आता ढीग येईल बघ, अडीचशे-अडीचशेचा.
येऊ दे, मी म्हणाले.
आणि त्या शब्दाकडं बघत बसले.
दूरस्थ. लांब असलेला.
कुणापासून, ते लिहिलेलं नाही.
प्रणिताचं बोट तर टाचेपासून वीतभरही नव्हतं,
डॉक्टर त्या जखमेत अकरा मिनिटं वाकून होती.
लांब कोण होतं मग?

पहिला दावा भिवापूरकडचा,
एका पोराचा कान.
मी तिसऱ्या चौकोनात टिक केली,
जरा जास्तच दाबून, कागद फाटता फाटता राहिला.

फुलवंताबाईचा नंबर जुन्या फाइलवर आहे अजून.
दोनदा काढला. लावला नाही.
सांगणार काय?
आजी, आता बघता येते
तुमची टाच?